उशिराचे गणित

या पुस्तकात शिरण्याआधी वाचकाने एक छोटे गणित स्वतःच्या हाताने करून पाहावे, अशी माझी विनंती आहे. पाटीवर मावेल इतके ते सोपे आहे. समजा, सरकार दर वर्षी एक रुपया खर्च करते. लोक गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचा निम्मा भाग यंदा खर्च करतात. आणि लोकांचा खर्च गेल्या वर्षीपेक्षा जितक्या रुपयांनी वाढला, तितक्याच रुपयांची नवी यंत्रे कारखानदार घेतात. खर्च घटला, तर तितकीच गुंतवणूक मागे घेतात. एवढेच नियम.

पहिल्या वर्षी उत्पन्न 1 रुपया. दुसऱ्या वर्षी सरकारचा एक रुपया, लोकांचे पन्नास पैसे, आणि लोकांचा खर्च शून्यावरून पन्नास पैशांवर गेला म्हणून कारखानदारांचेही पन्नास पैसे: एकूण 2 रुपये. याच रीतीने तिसऱ्या वर्षी 2.50 येतात. चौथ्या वर्षी पुन्हा 2.50. पाचव्या वर्षी 2.25, सहाव्या वर्षी 2, सातव्या वर्षी 1.875, आठव्या वर्षीही 1.875, आणि नवव्या वर्षी 1.9375. म्हणजे उत्पन्न पुन्हा वर चढू लागले.

आता मागे वळून पाहा. सरकारने हात आखडता घेतलेला नाही. पाऊस चुकलेला नाही, युद्ध झालेले नाही, बँकेच्या दारात रांगा लागलेल्या नाहीत. सरकारी खर्च पहिल्या वर्षापासून रुळासारखा सरळ आहे. तरीही तेजी आली, शिखर आले, मंदी आली आणि ओसरलीही. मी हे गणित पहिल्यांदा केले तेव्हा बेरीज चुकली असावी असे वाटून सगळे पुन्हा मांडले होते. बेरीज बरोबर होती.

हे गणित पॉल सॅम्युएल्सनचे. 1939 साली, वयाची पंचविशी गाठण्याआधी, चार पानांच्या एका लेखात त्याने ते मांडले. त्याचे हार्वर्डमधले गुरू ॲल्विन हॅन्सन अशाच आकड्यांची कोष्टके करून पाहत होते. त्या कोष्टकांमागे यंदाच्या उत्पन्नाला मागच्या दोन वर्षांच्या उत्पन्नाशी बांधणारे एकच समीकरण आहे, हे शिष्याने ओळखले. कारखानदारांचे प्रमाण एकाऐवजी दोन धरले, तर लाट विरत नाही, त्याच उंचीने चालत राहते. दोनाच्या वर गेले, की फुगत जाते. सहाच्या घरात नेले, तर लाटच उरत नाही, उत्पन्न नुसते वर धावत सुटते. माणसे तीच, सवयीही त्याच, फक्त एक आकडा बदलला की देशाचे नशीब वेगळे.

लाट येते कुठून? माझ्या मते या विषयाचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. आणि वरच्या गणितातच त्याचे उत्तर दोन शब्दांत दडलेले आहे: ‘गेल्या वर्षी’. आजचा निर्णय कालच्या परिस्थितीवर बेतलेला असतो, आणि त्याचे फळ उद्याच्या परिस्थितीत पडते. हा उशीर काढून टाका, लाट नाहीशी होते. पण इतक्या साध्या उत्तरापर्यंत पोचायला अर्थशास्त्राला पाऊणशे वर्षे लागली, आणि त्या वाटेवर सूर्य आहे, पाऊस आहे, डुकरे आहेत, जहाजे आहेत, मॉस्कोतली एक सोडत आहे आणि एक लाकडी घोडा आहे.

तेजी-मंदी म्हणजे काय, हे मुंबईकरांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तो पैसा बॅकबेच्या भरावाच्या शेअरांत ओतला गेला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. बँक ऑफ बॉम्बे त्यात बुडाली. असा अनुभव घेतलेला माणूस कारण विचारल्यावर युद्धाकडे आणि सट्ट्याकडे बोट दाखवील. त्यात चूक नाही. पण प्रत्येक संकटाला त्याचे वेगळे कारण दिले, की ही संकटे इतक्या नेमाने परत का येतात हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. तो प्रश्न जोर देऊन विचारला क्लेमाँ झ्युग्लारने, आणि तो पेशाने डॉक्टर होता हे मला लक्षणीय वाटते. 1862 च्या आपल्या ग्रंथात त्याने फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिका या तिन्ही देशांतील संकटे बँकांच्या हिशेबांवरून तपासली, जशी एखाद्या रोग्याच्या तापाची नोंदवही वाचावी. मंदीचे मूळ तिच्या आधीच्या भरभराटीत शोधायला हवे, हा त्याचा निष्कर्ष. त्यात गणित नव्हते, पण दिशा होती.

त्यानंतर आलेल्या विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने मात्र थेट आभाळाकडे पाहिले. सूर्यावरच्या डागांची संख्या ठरावीक वर्षांनी वाढते-घटते हे तेव्हा नुकतेच प्रस्थापित झाले होते. 1875 मध्ये त्याने या चक्राचा 11.11 वर्षांचा काळ घेऊन पाहिला, पण तो व्यापारी संकटांशी नीट जुळेना. मग ब्राउन या शास्त्रज्ञाचा 10.45 वर्षांचा नवा अंदाज हाती आला, आणि संकटांमधले सरासरी अंतर त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळले. 1878 मध्ये जेव्हन्सने हे जाहीर केले. दोन आकडे दशांशापर्यंत जुळल्यावर माणसाला होणारा आनंद मी समजू शकतो. पण सूर्याचे चक्र सरासरी 11 वर्षांच्या आसपासचेच आहे हे पुढे पक्के झाले, आणि जुळणी मोडली.

मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण जेव्हन्सच्या साखळीतली मधली कडी आपल्या देशातून जात होती. सूर्याचा परिणाम पावसावर, पावसाचा हिंदुस्थानातल्या पिकावर. पीक बुडाले की धान्य महाग, धान्य महाग झाले की रयतेकडे कापडाला पैसे नाहीत, आणि मग लँकेशायरचे कापड पडून राहते व लंडनच्या पेढ्या डळमळतात. पुरावा म्हणून त्याने दिल्लीतल्या गव्हाच्या जुन्या किमती तपासल्या. याच सुमारास, 1877 मध्ये, सूर्यडाग आणि दुष्काळ यांची सांगड घालणारा लेख लॉकियर आणि हंटर यांनी लिहिला. त्यात मद्रासच्या पावसाचा आधार होता. आणि हे लिहिले जात असताना, 1876 ते 1878 या काळात, दख्खनमध्ये माणसे भुकेने मरत होती. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवत होती: पिके किती गेली, धारण काय आहे, मजुरी किती मिळते. एकाच घटनेकडे पाहण्याच्या या दोन रीती. दुष्काळाचे कारण सूर्यावर टाकले, की शेतसारा, धान्याची निर्यात आणि मदतकामांवरची मजुरी हे प्रश्न आपोआप मागे पडतात. जेव्हन्सच्या मनात असे काही नव्हते असे मी मानतो. तरीही बाहेरच्या कारणाची ओढ माणसाला काय काय विसरायला लावते, हे या प्रकरणात दिसते. अमेरिकेत हेन्री मूरने 1914 मध्ये ओहायोच्या खोऱ्यातल्या पावसात आठ वर्षांचे चक्र शोधले आणि पुढे तर शुक्र ग्रहापर्यंत तो गेला. सगळ्यांचा समज एकच: परिणामात लय दिसते, तर कारणातही तीच लय असली पाहिजे.

हा समज 1927 मध्ये मोडला. तोही एकाच वेळी, दोन देशांत.

मॉस्कोत तेव्हा निकोलाय कोंद्रात्येव्हने उभी केलेली एक संस्था होती, बाजाराच्या चढउतारांचा अभ्यास करणारी. तिथे येव्हगेनी स्लुट्स्कीने एक विलक्षण प्रयोग केला. सरकारी कर्जाच्या सोडतीत निघालेल्या क्रमांकांचे फक्त शेवटचे अंक त्याने घेतले. ज्यात कसलाही क्रम नाही, कसलाही हेतू नाही, असे आकडे मिळवण्याचा याहून सरळ मार्ग कोणता? मग त्याने सलग दहा अंकांची बेरीज केली, पुढच्या बेरजेत पहिला अंक सोडला आणि अकरावा घेतला, असेच पुढे. या बेरजांचा आलेख काढला, तर तो वरखाली पिंजारलेला येत नाही, त्यात गोलसर लाटा दिसतात. कारण उघड आहे: शेजारच्या दोन बेरजांमध्ये दहापैकी नऊ अंक सामायिक असतात, त्यामुळे एक मोठा अंक आला की तो दहा बेरजांपर्यंत रेंगाळतो. स्लुट्स्कीने हा आलेख इंग्लंडच्या 1855 ते 1877 या काळातल्या व्यापारी चढउतारांच्या आलेखाशेजारी ठेवला. दोन्हींतले साम्य पाहून आजही अंगावर काटा येतो. एका बाजूला रेल्वे, कापूस, बँका आणि हजारो माणसांची भीती आणि आशा. दुसऱ्या बाजूला सोडतीची तिकिटे. लय कारणात नसली तरी परिणामात येऊ शकते, फक्त प्रत्येक धक्क्याचा ठसा काही काळ टिकायला हवा. इथेही उशीरच, फक्त वेगळ्या रूपात.

केंब्रिजमध्ये त्याच वर्षी जॉर्ज उडनी यूलने नेमके सूर्यडागच हाती घेतले. एका खोलीत लंबक शांतपणे झुलतो आहे आणि दांडगी मुले त्याच्यावर वाटाणे मारत आहेत, असे चित्र त्याने रंगवले. वाटाणे कुठूनही, कधीही येतात, पण लंबक आपली लय पूर्ण सोडत नाही. त्याची झुलण्याची उंची बदलत राहते, लय थोडी पुढेमागे होते. सूर्यडागांची आकडेवारी अशीच आहे, असे त्याने दाखवले. म्हणजे ज्या सूर्याच्या नियमितपणावर जेव्हन्सने सगळी इमारत उभी केली, तो सूर्यच यूलच्या हिशेबात धक्के खाणारा लंबक निघाला.

कोंद्रात्येव्हची कहाणी इथे सांगावीच लागते. 1930 मध्ये त्याला अटक झाली आणि 1938 मध्ये गोळी घालून मारण्यात आले. भांडवलशाही संकटातून पुन्हा सावरते, असे सुचवणारी त्याची दीर्घ लाटांची कल्पना त्याच्या देशातल्या सत्तेला रुचणारी नव्हती. स्लुट्स्की वाचला, तो हवामानशास्त्राकडे आणि मग शुद्ध गणिताकडे वळला. त्याचा लेख इंग्रजीत यायला 1937 साल उजाडले.

आता जहाजे. यान टिंबर्गेन लायडनला पॉल एरेनफेस्टचा विद्यार्थी म्हणून पदार्थविज्ञान शिकला आणि गरिबी व बेकारी पाहून अर्थशास्त्राकडे आला. 1931 मध्ये त्याने जहाजबांधणीवर एक निबंध लिहिला. या पुस्तकातल्या सगळ्या प्रतिमानांमध्ये मला तो सर्वांत देखणा वाटतो. जगात जहाजे कमी असली की मालवाहतुकीचे दर चढतात. दर चढले की मालक नव्या जहाजांच्या ऑर्डरी देतात. पण जहाज काही पावसाळी छत्री नव्हे. ते पाण्यात उतरेपर्यंत वर्ष-दोन वर्षे जातात. तोवर दर चढेच राहतात, आणखी मालक ऑर्डरी देतात. मग ही सगळी जहाजे एकामागून एक बंदरात येतात, दर कोसळतात, ऑर्डरी थांबतात. आणि जुनी जहाजे भंगारात जाईपर्यंत थांबलेल्याच राहतात. टिंबर्गेनने हे एका ओळीच्या समीकरणात बसवले: आज जहाजांची संख्या ज्या वेगाने बदलते, तो वेग काही काळापूर्वी ती संख्या नेहमीपेक्षा किती कमी किंवा जास्त होती यावर ठरतो. उशीर साधारण दोन वर्षांचा धरला, तर आठेक वर्षांची लाट येते. आकडेवारीतही तेवढीच दिसते. उशिराच्या चौपट लाट, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. जर्मनीत हानाऊने डुकरांच्या भावांत अशीच लाट दाखवली होती: आज भाव चढा म्हणून पिलांची पैदास वाढवायची, आणि ती विकायला तयार होईपर्यंत बाजार भरलेला. कांदा किंवा टोमॅटो पिकवणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

एका धंद्याची लाट कळली, पण सगळ्या देशाची? 1929 नंतर हा प्रश्न अभ्यासिकेतला उरला नव्हता. लाखो माणसे कामावाचून घरी बसली होती, यंत्रे धूळ खात होती, आणि त्या दोघांना एकत्र कसे आणायचे ते कुणाला सांगता येत नव्हते. या पुस्तकातली बहुतेक समीकरणे त्या दहा वर्षांतली आहेत. ती कोरडी वाटली तर वाचकाने हे ध्यानात घ्यावे.

मिखाऊ कालेत्स्कीला बेकारी घरातच भेटली होती. वूच या गिरणगावात 1899 मध्ये तो जन्मला. वडिलांचा उद्योग बुडाल्यामुळे त्याचे अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट राहिले. अर्थशास्त्राची पदवी त्याच्याकडे कधीच नव्हती. 1929 पासून तो वॉर्सात बाजाराच्या चढउतारांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत नोकरीला होता. 1933 मध्ये त्याचा निबंध पोलिश भाषेत आला, त्याच वर्षी लायडनच्या परिषदेत त्याने तो मांडला, आणि 1935 मध्ये तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याने यंत्रांच्या मागणीत आणि यंत्रे हाती येण्यात अंतर ठेवले. जर्मन आकडेवारीवरून ते सरासरी 0.6 वर्ष धरले, म्हणजे जेमतेम सात महिने. तेवढ्याशा उशिरातून दहा वर्षांची लाट निघाली. चौपटीचा नियम इथे लागू का पडत नाही, याचे उत्तर कालेत्स्कीच्या खऱ्या अंतर्दृष्टीत आहे. गुंतवणूक चालू असताना ती मागणी असते, कामगारांना पगार देते, नफा वाढवते. पूर्ण झाली की तीच गुंतवणूक नवा कारखाना होऊन जुन्या कारखान्यांशी स्पर्धा करायला उभी राहते. भांडवलाचा साठा हळूहळू साचतो आणि हळूहळू झिजतो. लाट लांबते ती त्यामुळे. केन्सचा प्रसिद्ध ग्रंथ 1936 चा; त्यातल्या गाभ्याच्या कितीतरी गोष्टी या पोलिश निबंधात तीन वर्षे आधी आहेत, हे मला ठासून सांगावेसे वाटते.

एक अडचण मात्र होती. लाट विरू नये आणि फुगूही नये, म्हणून कालेत्स्कीने एक स्थिरांक नेमका तसा निवडला होता. ओस्लोच्या राग्नर फ्रिशला हे पटले नाही. हा माणूस सोनारांच्या घरातला, स्वतः सोनारकामाची परीक्षा दिलेला. ‘इकॉनोमेट्रिक्स’ हा शब्द त्याचाच. इतका नेमका आकडा निसर्गात योगायोगाने कसा सापडेल, असा त्याचा आक्षेप. अर्थव्यवस्थेची स्वतःची लाट विरणारीच असणार. मग ती चालू का राहते? 1933 च्या आपल्या निबंधात त्याने स्वीडनच्या क्नूट विक्सेलकडून घेतलेली उपमा वापरली: डुलणाऱ्या लाकडी घोड्याला काठीने फटका मारा. फटका कसाही बसला तरी घोडा आपल्या बांधणीप्रमाणेच डुलेल. फटके बाहेरून, अनियमित. डुलणे आतून, नियमित. स्लुट्स्की आणि यूल यांनी एका बाजूने, टिंबर्गेन आणि कालेत्स्की यांनी दुसऱ्या बाजूने खणलेले बोगदे इथे एकमेकांना मिळाले. फ्रिशच्या हिशेबात 8.57, 3.50 आणि 2.20 वर्षांच्या तीन लाटा निघाल्या, आणि ते आकडे त्या काळी माहीत असलेल्या चक्रांच्या जवळचे होते.

पुढे 2007 मध्ये स्तेफानो झाम्बेल्लीने फ्रिशचे प्रतिमान त्याच आकड्यांनिशी पुन्हा तपासले. धक्का दिल्यावर ते डुलत नाही, जवळजवळ सरळ आपल्या जागी परत येते. सत्तर वर्षे ज्या घोड्याची उपमा वर्गावर्गातून सांगितली गेली, तो त्या विशिष्ट समीकरणांत डुलतच नव्हता. म्हणून उपमा खोटी ठरत नाही. पण एखादा निबंध पूजला जातो तेव्हा त्याचे गणित कितीजण स्वतः करतात, हा प्रश्न मनात राहतो. सुरुवातीला वाचकाला आकडेमोड करायला सांगितली, त्यामागे हेही कारण आहे.

1939 मध्ये राष्ट्रसंघासाठी टिंबर्गेनने व्यापारचक्राच्या निरनिराळ्या उपपत्ती आकडेवारीवर पारखून पाहिल्या आणि अमेरिकेचे मोठे प्रतिमान उभे केले. केन्सने त्यावर कडक टीका केली. जी कारणे मोजता येत नाहीत त्यांचे काय, काळ बदलला तरी स्थिरांक तेच कसे राहतील, उशीर किती हे कोण ठरवणार, असे त्याचे प्रश्न. या पुस्तकात मी टिंबर्गेनच्या बाजूने झुकलो आहे, कारण चुकले तर कुठे चुकले हे दाखवता येईल अशा रीतीने त्याने आपले म्हणणे मांडले. पण केन्सचे प्रश्न अजून फिटलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅल्डॉर, हिक्स आणि गुडविन यांनी तिसरी वाट काढली: समीकरण वाकडे असेल, तेजीला छत आणि मंदीला तळ असेल, तर बाहेरच्या धक्क्यांवाचूनही लाट अखंड चालते. त्यासाठी एक प्रकरण स्वतंत्र ठेवले आहे.

या मंडळींचे पाय आपल्याकडेही लागले. फ्रिश, टिंबर्गेन आणि कालेत्स्की तिघेही संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या कलकत्त्यातल्या संस्थेत येऊन गेले, आणि आपल्या तिसऱ्या योजनेच्या पैशांच्या तरतुदीवरचा कालेत्स्कीचा लेख 1960 मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’त छापून आला. चक्रांच्या गणिताचा माणूस इथे येऊन करांचा आणि पैसा उभा करण्याचा विचार करत होता, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

पुस्तक मी 1959 पाशी थांबवले आहे. त्या वर्षी अर्मा आणि फ्रँक ॲडेलमन या दांपत्याने अमेरिकेचे क्लाईन-गोल्डबर्गर प्रतिमान आयबीएम 650 या संगणकावर चढवले आणि पुढची शंभर वर्षे चालवून पाहिले. पहिल्यांदा धक्क्यांशिवाय. रेघ सरळ वर गेली, लाटेचा मागमूस नाही. मग प्रत्येक समीकरणात त्यांनी यादृच्छिक धक्के मिसळले, म्हणजे स्लुट्स्कीची सोडतच, पण यंत्राने काढलेली. छापून आलेल्या आकड्यांत चार वर्षांच्या आसपासची चक्रे उमटली होती, खऱ्या अमेरिकेच्या नोंदींत सापडतात तशीच.